प्रोसेसरवरचा झेंडू

पंचविसाव्या मिनिटाला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. सूर्यकांतने सीपीयूच्या डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"सोमवारी अकराला काय करशील तू?" त्याने मुलीला, कादंबरीला विचारलं.

पुण्याच्या एका कंपनीला इमारतींचे नकाशे काढणारी मुलगी हवी होती. मुलाखतीत ऑनलाइन, त्यांच्यादेखत तासभर नकाशा काढून दाखवायचा होता. ते मोबाईलवर होणारं काम नव्हतं. आणि नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं की हे मशीन तापून मान टाकायचं. सूर्यकांतची उभी हयात जबलपूरच्या कारखान्यात लेथपुढे गेली होती. पोरीने दीक्षितपुऱ्यातल्या या दोन खोल्यांतून बाहेर पडावं, एवढं एकच मागणं त्याचं उरलं होतं.

शनिवारी त्याने बड्या फुहाऱ्याजवळच्या कॉम्प्युटरवाल्या सचिनला घरी आणलं. सचिनने डबा उघडला आणि हसू दाबलं. प्रोसेसरवरच्या पंख्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, अक्षता आणि कुंकवाचा थर होता. दसऱ्याला कारखान्यात लेथची पूजा होते, तशी सूर्यकांतच्या बायकोने, पुष्पाने, घरच्या मशीनची केली होती. तीही जाळीतून, अगदी आतल्या देवापर्यंत पोचेल अशी.

सूर्यकांत तिच्यावर नको तेवढा चिडला. अर्धांगाच्या झटक्यापासून पुष्पाचा डावा हात चालत नव्हता; तिची वेणीफणीही कादंबरीच करायची. उजव्या हाताने ती नुसती पदर चाळवत राहिली.

"आईला काहून बोलून राहिले, बाबा?" कादंबरीने आईची अर्धी राहिलेली वेणी पुन्हा हातात घेतली. "नाही जमलं तर नाही जमलं. राहू द्या ना."

"राहू कसं देऊ?" तो म्हणाला.

पाकळ्या काढूनही तापमानाचा आकडा सत्त्याण्णववर गेलाच. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधे लावतात ती पेस्ट वाळून भुगा झाली असेल, असं सचिन म्हणाला, पण त्याच्याकडची संपली होती. रविवारी सूर्यकांत उपाशीपोटी बाजारभर फिरला. दुकानं बंद. शेवटी एका दुकानदाराला त्याने घरून उठवून आणलं, अक्षरशः हातापाया पडून. दुपारी स्वतःच जुना भुगा खरवडला, नवी पेस्ट लावली, स्क्रू आवळले आणि आकड्याकडे बघत बसला. तीन तास नकाशा चालला. आकडा अठ्ठेचाळीसच्या वर गेला नाही, डबा कोमटसुद्धा झाला नाही. सूर्यकांतच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

सोमवारी रजा टाकून तो दाराबाहेर स्टुलावर बसला. अकरा वाजले. आतून कादंबरीचा आवाज आला, मग पुण्याच्या माणसांचा. ती माणसं मधेच एकदा मोकळेपणाने हसली. कुणीतरी तिला विचारलं, पहिल्या तारखेपासून येता येईल का?

मग सगळं गप्प झालं.

सूर्यकांतने दार ढकललं. छताचा पंखा फिरत होता. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता, आणि त्याच्यापुढे कादंबरी ताठ बसली होती.

"बंद पडला, बाबा," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली.

"काय झालं जी?" आतल्या खोलीतून पुष्पाने विचारलं.

सूर्यकांतने डब्यावर हात टेकवला. बराच वेळ त्याने तो उचलला नाही.

"पुन्हा तापला," थंडगार डब्यावर हात तसाच ठेवून तो म्हणाला.