मांजात अडकलेला सर्पगरुड

"ताई, तुमच्या फोटोत पक्षी तर ठणठणीत दिसतोय," वनखात्याचे डॉक्टर गावडे फोनवर म्हणाले. "जखमेचा फोटो दाखवल्याशिवाय मला गाडी देत नाहीत."

नलिनी केळुसकर वैतागली. समोर बाभळीवर सर्पगरुड मांजात अडकून उलटा लोंबकळत होता. शिकारी पक्षी कॅमेऱ्यात टिपण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. ऊन पाठीशी घेऊन, श्वास रोखून तिने पुन्हा फोटो काढला. कॅमेऱ्याने पुन्हा मांजा पुसला, रक्त पुसलं, गरुडाला आभाळात उडवलं. हल्ली सगळेच कॅमेरे फोटो असे सुधारून देत.

"मरू दे तो फोटो!" म्हणत तिने कॅमेरा खाली ठेवला आणि काटे सोसत ती बाभळीवर चढली. ती मांजा कापत असताना गरुडाने नख्यांनी तिचं मनगट फाडलं.

मग तो खरोखर उडाला, आणि तिच्या हातात कॅमेरा नव्हता.