चादर टाकलेली खुर्ची

छायाचित्रणाच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारी ती, बाळाला कडेवर घेऊन मार्गदर्शक बाईंकडे आली.

“बाई, प्रबंध सोडते. हे ध्यान मला एक ओळ लिहू देत नाही.”

बाईंनी एक फार जुना फोटो पुढे सरकवला. “जाता जाता एवढा वाच.”

“चादर टाकलेली खुर्ची, तिच्यावर तान्हं मूल. पण तेव्हा फोटो निघेपर्यंत बराच वेळ न हलता बसावं लागायचं. एवढंसं पोर गप्प बसलं कसं?” ती फोटोवर वाकली. चादरीखाली खांद्यांची गोलाई होती. “बाई, ही खुर्ची नाही! त्याची आई बसलीय, चादर पांघरून, त्याला घट्ट धरून.”

“आता हे लिहायचं कुणी?” बाईंनी हात पसरले. “दे त्या लबाडाला इकडे. प्रबंध पुरा होईपर्यंत मी खुर्ची.”