गुळाचा खडा

टांग्यांच्या शर्यतीत चंद्री सगळ्यांच्या पुढे होती. भुईकोट किल्ल्याच्या तटाला वळसा घालून ती दरवाजाकडे येताना दिसली, तशी दोराआड उभ्या असलेल्या केरबाची मान ताठ झाली. रिक्षा वाढल्या तेव्हा त्याने टांगा मोडला आणि घोडी विकली, त्याला चार वर्षं झाली होती. आता ती दुसऱ्याच्या हाताखाली पळत होती, पण पळत होती झोकात.

घरून निघताना बायको म्हणाली होती, "वाईच गूळ घ्या की खिशात."

केरबा उखडलाच होता. "कशाला? आता ती काय मला वळखणार हाय?"

दरवाजाशी येताच चंद्री एकाएकी थांबली. टांगेवाल्याने लगाम हिसडला, चाबूक उगारला, तरी ती जागची हलेना. मागचे टांगे धूळ उडवत पुढे निघून गेले. घोडीला काय झालं, कुणालाच कळेना. केरबाला मात्र कळलं. प्रवासी इथे उतरले की तो रोज तिला गुळाचा खडा चारायचा, आणि तो खाल्ल्याशिवाय ती दरवाजा सोडायची नाही.

"मारू नगा तिला," म्हणत तो दोराखालून वाकून धावला. हात सवयीने खिशात गेला आणि तसाच बाहेर आला. चंद्रीने तोंड पुढे केलं होतं. काय करावं ते न सुचून त्याने मोकळा तळवाच तिच्यापुढे धरला.

तिने तो हुंगला, सावकाश चाटला, आणि गूळ मिळाल्यासारखी निमूट चालू लागली.