चित्राची कड

मेंढरांच्या वाडग्यावर नजर ठेवायला भारतनं जुना मोबाईल लिंबाच्या खोडाला बांधून त्याचा कॅमेरा केला होता. त्यात वाडग्याचं दार आणि त्याला लागून आप्पांची बाज, एवढंच मावायचं. म्हणून सोलापुरातनं त्यानं चिमट्यानं अडकवायची दोन भिंगं आणली.

भर दुपारी पहिलं भिंग लावून त्यानं हातातल्या मोबाईलवर चित्र बघितलं. पार बाभळीच्या कुंपणापर्यंत दिसत होतं. अगदी कडेला, डोक्यावरनं घोंगडी घेऊन कुणीतरी बसलं होतं.

“आप्पा, कुंपणापाशी कोण बसलंय?”

बाजेवरच्या म्हाताऱ्या बापानं मान वळवली. “कोण बी न्हाय की.”

भारतनं स्वतः बघितलं. खरंच कुणी नव्हतं.

त्यानं दुसरं, जास्त रुंद भिंग लावलं. आता पलीकडचा रस्ताही चित्रात आला. कुंपण मोकळं होतं. घोंगडीवालं रस्त्यालगत, नव्या कडेला बसलं होतं.

भारतला हायसं वाटलं. जिथं कड तिथं ते. म्हणजे माणूस नव्हे, कॅमेऱ्यातलाच काहीतरी दोष. खात्री करायला त्यानं भिंग काढून टाकलं.

चित्र आवळलं. आता कड थेट आप्पांच्या बाजेवर आली. घोंगडीवालं बसलेलं नव्हतं; आप्पांच्या पायथ्याशी उभं होतं.

भारतनं मोबाईलवरनं नजर उचलली. बाजेवर आप्पा एकटेच. त्यांनी कुणाकडं न बघता पाय आखडून घेतले, आल्यागेल्याला द्यावी तशी जागा दिली.

रिकाम्या बाजूचं सुंभ हळूच खाली दबलं.