मागचं डावं चाक

जीप दोन इंच उंच करायची म्हणून रविराजनं भरदुपारी अंगणातच जॅक लावला. नव्या स्प्रिंगा मिस्त्री लखननं गेवराईहून आणल्या होत्या. ओट्यावर बाजेवर बसून गहू निवडणारी त्याची बायको सत्यशीला म्हणाली, "लई उंच करू नका. उतरताना तरास हुतो."

"कुणाला?"

ती सुपातले खडे वेचत राहिली.

काम उरकून जीप खाली टेकवली. दुसऱ्याच्या मापावर रविराजचा कधीच भरवसा नसे. त्यानं स्वतः चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं लावली. तीन चाकांवर पाच-पाच बोटं जागा, मागच्या डाव्यावर मात्र तीनच.

"जुनी स्प्रिंग गळ्यात मारलीस व्हय बे?"

"आईशप्पथ भाऊ, चारी नव्या हायती."

त्यानं मागच्या दोन्ही स्प्रिंगा अदलाबदल करून बसवायला लावल्या. तरी डावी बाजूच दबलेली. लखन दोन पावलं मागं सरला.

रविराजनं चिडून मागचं दार सताड उघडलं. सीट रिकामी होती.

"कोन हाय ते उतर बे खाली!"

जीपची डावी बाजू हळूच दोन बोटं वर आली.

मग ओट्यावरची बाज करकरली. सत्यशीलाशेजारची सुंभं खाली दबली. तिनं मान वर केली नाही. सूप मांडीशी ओढलं आणि थोडी सरकून बसली.