वारांची वाटणी

“गुरुवारपासून पुढचं सगळं मोकळंच आहे अजून,” मोजणीदार म्हणाला आणि त्याने पेन्सिल कानावर खोचली.

जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला होता. जमिनींचे नकाशे काढणारा हात, त्यामुळे एक रेघ हललेली नव्हती. वर वार, बाजूला सकाळ, दुपार, संध्याकाळ. समोर बसून बायको पाणी घोट घोट पीत होती. दुसरी केमो होऊन सहा दिवस झाले होते. तिला पाणीही लोखंडासारखं लागत होतं.

“कशाला एवढी माणसं गोळा करतोस? तू आहेस ना.”

“एकट्याच्या जिवावर निभत नाही हे. डॉक्टरही म्हणाल्या, माणसं जोडा.”

त्याने खरंच जोडली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहायची. जिन्यात भेटली तर मान हलवण्याइतकीच ओळख. तिला त्याने चहाला बोलावलं, ताप किती चढला की हॉस्पिटल गाठायचं, कुठली गोळी कशानंतर, सगळं लिहून हातात दिलं.

“मला शिकवतोस होय रे? चौतीस वर्षं सुया टोचल्यात मी,” म्हातारी फिस्कारली. पण सोमवार-मंगळवार घेतले.

बुधवार घेतला रेडिओने. ही शिवणकारखान्यातली बायकोची मैत्रीण. एकदा सुरू झाली की बंद व्हायची नाही, म्हणून रेडिओ. तिच्या बडबडीत मळमळ विसरायला व्हायची.

“तुला शोभतंय गं टक्कल. माझं डोकं असं झालं तर मडकं समजून लोक पाणी भरतील.”

राहिली नणंद. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सासूच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून सहा वर्षं बोलणं बंद. एका रविवारी मोजणीदार उठून बहिणीकडे गेला आणि संध्याकाळी तिला घेऊनच आला.

नणंद दारात थबकली. वहिनीचा उतरलेला चेहरा तिने पाहिला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. बायको मागोमाग गेली.

“ताई, राहू द्या हो.”

“गप बस. तेव्हा मी फार लागट बोलले तुला.”

“मी तरी कुठे कमी बोलले?”

नळ वाहत राहिला. दोघी रडत राहिल्या. गुरुवार ते रविवार नणंदेने राहायला यायचं ठरलं.

गेली दोन वर्षं नवरा घरात असून नसल्यासारखा असायचा. विचारलं तेवढंच बोलायचा, तेही फोनमधून मान वर न काढता. आता तो तिच्या कपाळावर हात ठेवून ताप बघायचा. उशी उलटून द्यायचा.

“खरं सांगू?” ती एकदा रेडिओला म्हणाली, “या दुखण्याने माझा नवरा मला परत दिला.”

“नशीब काढलंस बाई,” रेडिओ म्हणाली आणि चक्क गप्प बसली.

चौथ्या केमोला तो मुद्दाम गेला नाही. “मी नाहीच असं समजा,” म्हणाला. रेडिओने टॅक्सीतून नेलं. परत आल्यावर म्हाताऱ्या नर्सने नाडी बघितली. नणंद एक दिवस आधीच येऊन मऊ भात करून थांबली होती. संध्याकाळी त्याने एकेक गोष्ट खोदून विचारली. औषधं कोणी आणली? उलट्या झाल्या तेव्हा जवळ कोण होतं? हॉस्पिटलचा फोन लागला का?

“कुठेच अडलं नाही?”

“कुठेच नाही.”

त्याने मोठा श्वास सोडला. त्याचे डोळे भरून आले होते.

“किती काळजी करतोस रे,” ती म्हणाली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

त्या रविवारी त्याने तिघींना चहाला बसवलं, प्रत्येकीपुढे हात जोडले. “तुम्ही होतात म्हणून,” एवढंच बोलू शकला.

“दादा, तू पण आता जरा स्वतःकडे बघ,” नणंद म्हणाली.

नर्स आणि रेडिओ गेल्या. नणंद कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. तो बायकोसमोर येऊन बसला.

“आता तुझं माझ्यावाचून अडणार नाही.”

“नाही अडणार,” ती हसली. “निर्धास्त राहा.”

“मी उद्या जातोय.”

“साइटवर? किती दिवस?”

“साइटवर नाही. तिच्याकडे, कायमचा. तुझा रिपोर्ट आला ना, त्याच दिवशी सांगणार होतो. चार महिने थांबलीये बिचारी.”