कंपनीचंच लागतं

"शनिवारीच कशाला बोलावलंस त्याला?" चपलेत घातलेला पाय विरुपाक्षनं परत बाहेर काढला.

"अहो, कार्ड कालच आलंय पुण्याहून. आणि शनिवारी तुम्ही वैरागला असता. तुमच्या दुपारच्या झोपेत खटपट नको म्हणून," दानेश्वरी म्हणाली.

झालं! एवढं पुरलं. म्हणजे नवरा नसताना! विरुपाक्षनं गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि सोफ्यावर बैठक मारली.

"मी आज जात नाही वैरागला."

सोलापुरात त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं, वैरागला शाखा. शनिवार-रविवार मुक्काम तिकडंच. मूलबाळ नाही, त्यामुळं ते दोन दिवस दानेश्वरी घरात एकटीच असायची. तिला करमावं म्हणून त्यानंच दिवाळीत ही साउंड सिस्टिम आणली होती. जोडीनं घेतली तर स्वस्त, म्हणून अगदी तशीच दुसरी वैरागला ठेवली. इथं हॉलमध्ये मोठा स्पीकर, स्वयंपाकघरात छोटा. बटण दाबून एका स्पीकरपाशी बोललं की दुसऱ्यावर ऐकू यायचं. इथलं सगळं दानेश्वरीच्या मोबाईलवर चालायचं, वैरागचं त्याच्या.

आता मोठ्या स्पीकरमधलं कार्ड जळालं होतं. नव्या पेठेतल्या दुकानदारांनी हात वर केले. "याला कंपनीचंच लागतं साहेब, दुसरं बसतच नाही." आणि कंपनीचा माणूस शहरात एकच, संघपाल. मागं एकदा तो बघून गेला, तेव्हा कळलं की तो दानेश्वरीचा कॉलेजातला वर्गमित्र. त्या दिवसापासून विरुपाक्षच्या पोटात जे दुखत होतं, त्याला ओव्याचा उपयोग नव्हता.

संघपाल आला. उंच, हसरा, इस्त्रीचा शर्ट. हसरा माणूस विरुपाक्षला तसाही आवडायचा नाही.

"दानेश्वरी, अगं किती बारीक झालीस!" आत येता येता तो म्हणाला.

अगं! विरुपाक्षनं पेपर उघडला. तो कालचा होता, पण त्याचं लक्ष होतं कुठं?

संघपालनं स्पीकर उलटा केला, स्क्रू काढले, जळकं कार्ड बाजूला ठेवलं. दानेश्वरीनं चहा आणला आणि बशीत शेंगपोळी, वर तुपाची धार. विरुपाक्षपुढं मारी बिस्किटं.

"त्याला शेंगपोळी आणि मला हे?"

"तुम्हाला पित्त होतं ना? लग्नापासून कधी हात लावलाय का शेंगपोळीला?"

खरंच होतं ते. पण संघपालनं दुसरी मागितली तेव्हा विरुपाक्षनं बिस्किटाचा पार चुरा केला. बायको आपली, तूप आपलं, आणि कौतुक भलत्याचंच! त्याला मनापासून वाटलं, या माणसाला बशीसकट बाहेर काढावं.

मोबाईल वाजला. 'वैराग दुकान'. त्यानं कट केला. परत वाजला.

"घ्या की, गिऱ्हाईक असेल."

"गिऱ्हाईक कुटं पळून जात नाही." त्यानं मोबाईलचा आवाज बंद केला. इथं घरावर दरोडा पडायची वेळ, आणि फोन कसले घ्यायचे?

कार्ड बसलं. हिरवा दिवा लागला. संघपालनं हात पुसले. "कार्ड नवीन आहे, सगळं पहिल्यापासून नोंदवावं लागेल. दानेश्वरी, तुझा मोबाईल दे जरा. नंबर सांग."

विरुपाक्ष ताडकन उठला. "तिचा नंबर कशाला पायजे तुमाला?"

"आधी त्यांच्याच नंबरवर होतं, साहेब."

"असूंदे. आता माझ्यावर घ्या. घर माझं हाय की नाही?"

"तुमची मर्जी."

दानेश्वरीनं रिकामी बशी उचलली. "संशयाला औषध नाही बघा," एवढंच पुटपुटली. विरुपाक्षनं आपला नंबर टाकला, आलेले आकडे सांगितले. संघपाल काहीतरी समजावत होता, की एका नंबरवरचे सगळे स्पीकर आपोआप एका माळेत येतात. विरुपाक्षच्या कानावरून ते वारं गेलं. तो दानेश्वरी कुणाच्या कपात चहा ओततेय ते बघत होता.

"आता बोलून बघू. दानेश्वरी, तू स्वयंपाकघरात जा, मी इथून हाक मारतो."

"तुमी कशाला?" विरुपाक्ष आडवा आला. "माझ्या बायकोला मी हाक मारीन."

संघपाल हसत बाजूला झाला. दानेश्वरी आत गेली. विरुपाक्ष स्पीकरपुढं बसला, शर्टाची कॉलर नीट केली. बघ म्हणावं लेका, नवरा-बायकोचं प्रेम काय असतं ते! बटण दाबून त्यानं आवाजात असा काही मध ओतला, की बारा वर्षांत दानेश्वरीनं तो ऐकला नव्हता.

"काय गं राणी, काय केलंयस आज माझ्यासाठी?"

स्वयंपाकघरातून भांडं ठेवल्याचा आवाज आला. 'राणी' ऐकून दानेश्वरी दारात येऊन उभी राहिली होती. चेहरा लाजलेला, थोडा भांबावलेला. इतक्या वर्षांनी का होईना! तिला हसू आवरत नव्हतं.

तिनं काही बोलायच्या आतच स्पीकर खरखरला, आणि हॉलमध्ये नि स्वयंपाकघरात एकदमच एका लहान मुलीचा आवाज घुमला:

"आई, पळ, पप्पा बोलायलेत! पप्पा, आईनं शेंगपोळ्या केल्यात, तुमाला लई आवडत्यात म्हनून. आज शनवार न्हवं का? कवा येनार घरी?"